बॅकहँडला महागडं रबर नको

भारताची तिकिटं काढली की आठवडाभरात फर्माइशी सुरू होतात. टेबल टेनिस खेळणारं मूल नात्यात असेल तर त्यांत एक रबर हमखास असतं. "मामा, बॅकहँडचं रबर संपलंय, येताना एक आणशील?" आपण लगेच हो म्हणतो. मग दुकानाच्या यादीत सगळ्यांत वर, सगळ्यांत महाग जे दिसेल ते मागवतो. जगज्जेते वापरतात म्हणजे चांगलंच असणार, आणि आपल्या भाच्याला चांगलंच मिळायला हवं!

कृपा करून हे करू नका. मी केलं आहे, म्हणून सांगतो.

भाचा तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याचा बॅकहँड साधा आणि भरवशाचा: ब्लॉक करायचा, पुश करायचा, चेंडू टेबलावर ठेवायचा आणि संधी मिळाली की फोरहँडनं मारायचा. मी त्याला २.१ मिलिमीटर स्पंजचं, वेगवान रबर नेऊन दिलं. पहिला आठवडा घरात कौतुक चाललं. त्यानंतर त्याचे ब्लॉक टेबलाबाहेर जाऊ लागले आणि पुश उंच उडू लागले. बॅकहँड टाळण्यासाठी तो डाव्या कोपऱ्यात धावून फोरहँड मारू लागला आणि उजवा कोपरा मोकळा पडू लागला. ज्या मुलांना तो सहज हरवायचा त्यांच्याशी हरला. सगळ्यांत वाईट गोष्ट मला खूप उशिरा कळली. त्याला हे रबर नकोसं झालं होतं, पण मामानं अमेरिकेहून आणलंय म्हणून तो काढायला तयार नव्हता. शेवटी त्याच्या सरांनी ते काढून जुन्यासारखं साधं रबर लावलं. माझ्या प्रेमाच्या पाकिटानं त्या पोराचा अख्खा मोसम खाल्ला.

रबरात काही दोष नव्हता. दोष माझ्या निवडीचा होता, आणि तो का होता हे समजून घ्या.

फोरहँडला हात मोकळा फिरतो, कंबर वळते. बॅकहँड पोटासमोर खेळला जातो. तिथे फिरवायला जागा कमी आणि वेळ त्याहून कमी, म्हणून काम मुख्यतः कोपरापुढचा हात आणि मनगट करतं. सर्व्हिस परतवायची आणि समोरच्याचा वेग झेलायचा, ही कामंही बरीचशी याच बाजूवर पडतात. शिवाय जे रबर चेंडूला जास्त फिरकी देतं, तेच समोरून आलेल्या फिरकीला जास्त दबतं. २००८ मध्ये स्पीड ग्लूवर बंदी आल्यावर कंपन्यांनी तो ताण रबर आणि स्पंजमध्येच भरायचं तंत्र पुढे नेलं. अशा रबरावर चेंडू नुसता टेकवला तरी उसळतो. तो उसळू न देण्याचं कसब ज्याच्या मनगटात आहे त्याच्यासाठी ते वरदान आहे. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्यासाठी ती डोकेदुखी आहे.

यावर तुम्ही म्हणाल, "अहो, मूल वाढतंय, वाढेल त्या रबरात." वाढत्या अंगाचे कपडे शिवायची आपली जुनी सवय! पण सैल सदरा नुसता लोंबतो, तो चालायची पद्धत बदलत नाही. बॅट बदलते. चेंडू बाहेर जातोय म्हटल्यावर मूल हात आखडतं, फटका अर्ध्यावर सोडतं. रबर सहा महिन्यांत टाकून देता येतं, पण आखडलेला हात तसाच राहतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. साधनानं सामने जिंकले जातातच की! १९५२ मध्ये जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईतच झाली आणि जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन एकेरीचा विजेता झाला. त्या बॅटीचा आवाजच येत नसे, त्यामुळे कसलेले खेळाडू गोंधळून गेले. खरं आहे. पण सातोला ते यश पुन्हा मिळालं नाही. इतरांना स्पंज कळला आणि नवलाई संपली. आज तुम्ही घेताय ते रबर समोरच्यालाही दुकानात मिळतं. त्यात आता कुठलंच गुपित उरलेलं नाही.

जगज्जेत्यांचंच अनुकरण करायचं असेल तर नीट करा. कित्येक चिनी खेळाडू फोरहँडला कडक, चिकट चिनी रबर लावतात आणि बॅकहँडला वेगळंच, जपानी किंवा जर्मन. मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर लावते. त्याच्यावर तिनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण मिळवलं. आपल्याकडे दाण्यांच्या रबराला अजून कुणी कुणी रडीचा डाव म्हणतं. नियमात बसतं, तिच्या खेळात बसतं, मग रडी कसली? दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट शिकायची आहे: आधी खेळ बघायचा, मग रबर.

तर मग घ्यायचं काय? पहिलं उत्तर कंटाळवाणं आहे आणि बहुतेक वेळा बरोबर आहे. जे झिजलं तेच पुन्हा घ्या. झिजलेलं रबर आपल्या नकळत मंद होत जातं, म्हणून तेच रबर नवं लावलं तरी दोन आठवडे अंगावर येतं. त्यात वर जातही बदलली, तर नेमकं काय बिघडलं हे कळायला मार्ग राहत नाही.

बदलायचंच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. तेच रबर १.८ किंवा २.० मिलिमीटरमध्ये घेऊन बघा. स्पंज मध्यम किंवा जरा मऊ असू द्या. पाकिटावरच्या वेग, फिरकी आणि नियंत्रणाच्या आकड्यांवर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनीची मोजपट्टी स्वतःची असते. स्पंजच्या कडकपणाचंही तसंच. जपानी ३६ अंश आणि जर्मन ३६ अंश ही एक गोष्ट नव्हे. वजन विचारा, विशेषतः लहान मुलासाठी. कडक आणि जाड रबरानं बॅट पुढून जड होते आणि मनगट उशिरा पोहोचतं. आणि जुनं म्हणून नाक मुरडू नका. यासाकाचं मार्क फाइव्ह १९६९ पासून बाजारात आहे आणि आजही विकलं जातं. साध्या बॅकहँडला ते पुरून उरतं.

हे मोठ्यांनाही लागू आहे. मंडळाच्या स्पर्धेत हरलं की सोमवारी नवं रबर मागवणारे आपण सगळे! नाचता येईना म्हणून आपण दर वर्षी अंगण बदलतो. वाचलेल्या पैशांत प्रशिक्षकाचे एक-दोन तास घ्या आणि त्यांत फक्त बॅकहँड ब्लॉक करा.

आणि पुढच्या खेपेला भाच्याचा मेसेज आला तर काही मागवायच्या आधी त्याला फोन करा. व्हिडिओवर त्याचा खेळ बघा, दहा मिनिटं तरी. बॅकहँडनं तो काय करतो ते त्यालाच विचारा. जमलं तर त्याच्या सरांशीही बोला. मग ते सांगतील ते रबर न्या, स्वस्त असलं तरी. आपण दूर राहतो, त्याचे सामने बघायला जाता येत नाही, आणि ती भरपाई किमतीतून करायचा मोह होतो. त्याला महागडं काही नको असतं. त्याचा ब्लॉक टेबलावर पडायला हवा असतो.