पंगतीत ससाणा, दाराशी लर्चर

शिकारी पाखराला शिकविण्याची हकिकत इंग्रजीत साहित्य म्हणून वाचली जाते. शिकारी कुत्र्याला शिकविण्याची हकिकत छंदांच्या कपाटात जाते. हा भेद वाङ्मयीन गुणवत्तेचा आहे असे समजण्याची आपल्याला सवय लागली आहे. आमच्या मते तो मालकी हक्काचा भेद आहे, आणि आपल्याकडे इंग्रजी साहित्य शिकणारी-शिकविणारी मंडळी तो काडीचाही विचार न करता पुढे चालवीत आहेत.

टी. एच. व्हाइट यांचे ‘द गॉसहॉक’ १९५१ साली प्रसिद्ध झाले. शाळेची नोकरी सोडलेला एक मास्तर एका बाजाला माणसाळवू पाहतो, आणि शेवटी बाज निसटून जातो. बॅरी हाइन्स यांची ‘अ केस्ट्रेल फॉर अ नेव्ह’ १९६८ची. तीत खाणकामगारांच्या वस्तीतला पोरगा लहानसा ससाणा पाळतो. हेलन मॅकडॉनल्ड यांच्या ‘एच इज फॉर हॉक’ला २०१४ साली सॅम्युअल जॉन्सन पारितोषिक मिळाले. या तिन्ही पुस्तकांवर उत्तम शोधनिबंध लिहिता येतात, आणि लिहिले जावेत. पण वेल्समध्ये जन्मलेल्या, पेशाने शाळामास्तरच असलेल्या ब्रायन प्लमर यांनी १९७८ साली ‘टेल्स ऑफ अ रॅट-हंटिंग मॅन’ आणि १९७९ साली ‘द कम्प्लीट लर्चर’ लिहिले, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? तेथेही एक मास्तर आहे, एक हट्टी जनावर आहे आणि त्या दोघांमधली झटापट आहे. फरक इतकाच, की हे जनावर आकाशात उडत नाही.

हा फरक जुना आहे. १४८६च्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’मध्ये कोणत्या दर्जाच्या माणसाला कोणता शिकारी पक्षी शोभतो याची उतरंडच दिली आहे, सम्राटापासून सुरू होऊन ती खाली उतरत जाते. हाइन्स यांनी आपले शीर्षक याच परंपरेतून उचलले. म्हणजे पाखरांच्या पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर का होईना, गरिबाला जागा होती. लर्चरला पंगतच नव्हती. मुळात हा शब्द कुत्र्याला चिकटण्यापूर्वी माणसाला चिकटलेला होता: दबा धरून हात मारणारा भुरटा चोर, असा त्याचा अर्थ. पुढे अशा माणसाचा कुत्रा तोही लर्चर. १६७१च्या इंग्लिश शिकार-कायद्याने वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन नसलेल्या सामान्य माणसाला बंदूक, ग्रेहाउंड, फेरेट, जाळी यांपैकी काहीही बाळगण्याची बंदी केली. राणी ॲनच्या कारकिर्दीतल्या कायद्यात तर लर्चरचे नावच येते, आणि तेही जाळ्यांच्या रांगेत, शिकारीचे एक ‘साधन’ म्हणून. जमिनीची ही अट १८३१ साली गेली. कायद्याच्या पुस्तकातून ती गेली; आमचा संशय असा, की वाङ्मयाच्या इतिहासातून ती अजून गेलेली नाही.

लर्चर म्हणजे काय हे आधी नीट सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे त्याला सरसकट ‘शिकारी कुत्रा’ म्हणून मोकळे होतात. ही एक जात नव्हे. नजरेने शिकार पकडणारा वेगवान कुत्रा (ग्रेहाउंड, व्हिपेट, सालुकी) आणि कामाचा, डोके चालविणारा कुत्रा (बहुधा मेंढपाळांचा कॉली किंवा बेडलिंग्टन टेरिअर) यांचा तो हेतुपुरस्सर केलेला संकर आहे. एकाचा वेग, दुसऱ्याची अक्कल. आपल्याकडचा कारवानी कुत्रा दिसायला याच्या जवळचा, पण तो शुद्ध वेगवान वंशाचा. लर्चरच्या जागी ‘कारवानी’ लिहिणारा अनुवादक चूक करील. लर्चरची सगळी गंमत आणि सगळी बदनामी त्याच्या मिश्रणात आहे.

आता शिकवणीविषयी. आठ आठवड्यांचे पिल्लू घरी येते आणि पुढचे कित्येक महिने त्याला शिकार करू द्यायचीच नसते. नाव कळणे, हाकेला येणे, बसणे, सांगितल्या जागी थांबणे, दोरीला न ओढणे, इतकेच चालते. लांब पायांच्या पिल्लाची हाडे वर्षभर तरी पक्की होत नाहीत. थोराड कुत्र्यांबरोबर त्याला ऊर फुटेस्तोवर पळविणारा मालक स्वतःच्या हाताने त्याचे सांधे नासवितो. आणून देण्याचा धडा अरुंद बोळात होतो: कातड्यात गुंडाळलेली एक गुंडाळी फेकायची, पिल्लाला ती उचलून माणसाकडे परत येण्यावाचून दुसरी वाटच नसते. ते आले की तोंडातली वस्तू हिसकायची नाही. आधी शाबासकी, मग सावकाश हात. जो हिसकतो त्याचे पिल्लू लवकरच दोन गोष्टी शिकते, लांब उभे राहणे आणि दात आवळणे. पुढे खरा ससा त्याला जिवंत, न चिरडता हाती द्यायचा असतो. आवळलेल्या दातांचा तेथे उपयोग नाही.

मेंढ्यांचा धडा याहून कडक. पिल्लू लहान असतानाच त्याला दोरीला धरून मेंढ्यांतून, कोंबड्यांतून फिरवितात आणि त्यांच्याकडे नुसते टवकारून पाहिले तरी दटावतात. कारण उघड आहे: मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला १९७१च्या कायद्याचे संरक्षण मिळू शकते. मग फेरेट. हा मुंगसासारखा सडपातळ, पाळीव मांसाहारी प्राणी बिळात सोडला की आतले ससे बाहेर पळतात. कुत्र्याला तो घरचा वाटला पाहिजे, भक्ष्य नव्हे. बिळात कोणी आहे की नाही हे कुत्रा वासाने ओळखतो आणि नुसत्या उभे राहण्यावरून मालकाला सांगतो. बिळांच्या तोंडांवर जाळी पसरली जात असताना हलत नाही. जाळ्यात सापडलेल्या सशाला तोंड लावीत नाही. जो निसटेल त्याच्याच मागे धावतो. दोन-तीन फुटांवर ससा तडफडत असताना तरुण कुत्र्याने स्वस्थ उभे राहायचे! ज्यांनी कधी वर्गावर शिकविले आहे त्यांना ही मागणी किती मोठी आहे हे वेगळे सांगायला नको.

रात्रीचे काम सर्वांत शेवटी, साधारण वर्षाचा कुत्रा झाल्यावर. अंधारी, वाऱ्याची रात्र निवडतात. दिव्याच्या झोतात ससा दिसतो, दोरी सुटते, कुत्रा झोतावरून धावतो. दिवा विझला की परत येतो. पहिल्या रात्री एक-दोन सोप्या धावा आणि घरी. येथेच बहुतेक पिल्ले बिघडविली जातात, कारण मालकाला घाई असते. पुन्हा पुन्हा हरविलेले तरुण कुत्रे एके दिवशी अर्ध्या वाटेत धाव सोडून देते, आणि ती सवय मोडणे महाकठीण. शिवाय आवाज नको. धावताना भुंकणे हा लर्चरचा मोठा दोष मानतात. १७९० साली टॉमस ब्यूइक यांनी आपल्या चतुष्पाद प्राण्यांच्या ग्रंथात लर्चरचे चित्र आणि वर्णन दिले, तेव्हाच त्याचे मुकेपण आणि चोरशिकाऱ्यांना असलेला त्याचा उपयोग यांची नोंद केली होती. दुसऱ्याच्या जमिनीवर रात्री वावरणाऱ्याला भुंकणारा कुत्रा परवडत नाही.

इतके विस्ताराने सांगण्याचे कारण असे. लर्चरविषयी समीक्षकी उत्साहाने बोलणारे दोन प्रकारचे लोक असतात. एकांना तो भूमिहीनाचा विद्रोह वाटतो: कुंपणे, जमीनदार, आणि त्यांना ओलांडून धावणारे ते स्वच्छंद जनावर. दुसऱ्यांना तो निव्वळ हिंसा वाटतो, रक्ताला चटावलेला जबडा. दोन्ही वाचनांत कुत्रा नाही. पळायला या कुत्र्याला कोणी शिकवीत नाही, ते रक्तातच असते. शिकवितात ते थांबायला, गप्प राहायला, सोडून द्यायला, परत यायला. स्वच्छंदपणा ज्यातून पद्धतशीर काढून टाकला आहे तेच नेमके स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून आपण फळ्यावर लिहितो. आणि ज्याने हातात जिवंत ससा न दुखविता आणून द्यावा म्हणून वर्षभर खपतात, त्याला आंधळ्या हिंसेचे प्रतीक म्हणतो. (तो ससा पुढे माणसाच्या हातून मरतो, हे या मंडळींच्या प्रतीकात बसतच नाही.) विल्यम कूपर यांच्या ‘द टास्क’ (१७८५) या दीर्घकाव्याच्या पाचव्या भागात लाकूडतोड्याचा कुत्रा येतो, तो निम्मा लर्चर आहे असे कवी स्पष्ट सांगतो. हिमात तोंड खुपसून, अंग झाडून तो आनंदाने भुंकतो. मुकेपणासाठी घडविलेल्या रक्ताचा कुत्रा भुंकतो! हे वाचायला लर्चर म्हणजे काय ते ठाऊक हवे. ‘शिकारी कुत्रा’ असे भाषांतर केले की ती ओळ नुसते हिवाळी देखावाचित्र होऊन बसते.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर सशाविषयीही बोलू. मराठीत हेअर हाही ससा आणि रॅबिट हाही ससा. आपल्या रानात बिळे खणून राहणारा रॅबिट नाहीच, तेव्हा भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. पण इंग्लंडमध्ये सगळा न्याय या दोहोंच्या फरकावर उभा आहे. रॅबिट बिळाजवळ चरतो आणि धोका दिसताच बिळाकडे झेपावतो. त्याच्यासाठी चटकन वळणारा कुत्रा लागतो. हेअर उघड्यावर राहतो आणि जीव घेऊन दूरवर धावतो. त्याच्यासाठी दमदार सालुकी-रक्ताचा. २००४च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी हेअरची शिकार करणे गुन्हा ठरविले. जमीनधारकाच्या परवानगीने रॅबिट आणि उंदीर यांची मुभा राहिली. १८३६ पासूनची वॉटर्लू कप ही हेअरमागे ग्रेहाउंड सोडण्याची स्पर्धा २००५च्या फेब्रुवारीत शेवटची झाली. स्कॉटलंडने २०२३च्या कायद्यात रॅबिटलाही संरक्षित प्राण्यांत घेतले. ज्या अनुवादात दोन्ही ससेच आहेत, त्यात कायदा मोडणारा आणि पाळणारा माणूस एकच दिसतो.

लर्चरवाल्यांची वकिली करण्याचा आमचा इरादा नाही. ‘ग्रामीण परंपरा’ हा शब्द त्यांच्यातल्या काहींनी अगदी स्वस्त करून टाकला आहे. पैजा लावून, दुसऱ्याच्या उभ्या पिकात गाड्या घालून, हटकणाऱ्या शेतकऱ्याला धमकावून हेअरमागे कुत्रे सोडणाऱ्या टोळ्यांसाठी २०२२ साली कायदा आणखी कडक करावा लागला. आता तुरुंगवास होऊ शकतो आणि कुत्रे बाळगण्यावर न्यायालय बंदी घालू शकते. या टोळ्यांना भुकेल्या शेतमजुराचे वारस म्हणणे हा त्या शेतमजुराचा अपमान आहे. आणखी एक गोष्ट आम्हांला खुपते. पहिल्या यशस्वी धावेचे वर्णन ज्या हौसेने होते, त्या हौसेने धाव सोडून दिलेल्या पिल्लाचे पुढे काय झाले ते कोणी लिहीत नाही. ब्रिटनमध्ये टाकून दिलेल्या ग्रेहाउंड-लर्चरांना घर शोधून देण्यासाठीच वाहिलेल्या संस्था आहेत. त्या पिल्लाची हकिकत तेथे विचारावी लागते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: हे सारे प्राणिपालन झाले, साहित्य कोठे आहे? हाच प्रश्न बाजाच्या बाबतीत कोणी का विचारीत नाही? व्हाइट यांच्या पुस्तकातही मांसाचे तुकडे, दोऱ्या, जागरणे आणि पाखराचे वजन आहे, आणि त्या तपशिलांनीच ते गद्य उभे राहते. प्लमर यांचे गद्य त्या तोलाचे आहे असा आमचा दावा नाही. ते पुष्कळदा बढाईखोर आणि भांडखोर आहे. पण एका जनावराचे वर्षभर निरीक्षण करून त्याच्या चुका आणि आपली घाई वेगवेगळी ओळखणारे लेखन वाचायला कोणता निकष लावावा, हा प्रश्न गद्याच्या अभ्यासाचाच आहे. अललित गद्याच्या तासाला बाजाचे एक प्रकरण लावताना शेजारी लर्चरच्या पिल्लाचे एक प्रकरण लावून पाहावे, आणि विद्यार्थ्यांना आधी शैली विचारू नये. हे जनावर कोणत्या साली कोणाला पाळता येत होते, जमीन कोणाची होती, त्याने काय पकडले आणि ते पुढे कोणी खाल्ले, हे विचारावे. शैलीचा प्रश्न मग विद्यार्थी आपणहून काढतील.