परक्या मुलखातील धर्मसेवेचा जमाखर्च

परदेशी जाऊन ख्रिस्ती धर्माचे कार्य करणाऱ्या मिशनऱ्यांनी आपल्या अनुभवांची जी पत्रे, रोजनिशा व आठवणी लिहून ठेविल्या आहेत, त्यांचे वाचन आमच्याकडे दोन तऱ्हांनी होत असते. एक वर्ग त्या लिखाणाकडे शत्रूचा जबाब म्हणून पाहतो व वाक्यावाक्यात कपट शोधितो. दुसरा वर्ग शाळा, दवाखाने व छापखाने ह्यांचे उपकार स्मरून त्यापुढे हात जोडतो, व त्यातील एकाही विधानाची झडती घेत नाही. आमच्या मते ही दोन्ही वाचने आळसाची आहेत. ज्यांचा जन्म पेढीवर गेला त्यांस हे सांगावयास नको की, वही शत्रूची असो वा मित्राची, ती तपासण्याची रीत एकच. जमा काय, खर्च काय, आणि लिहिणाराने कोणती बाब लिहावयाची सोडली, एवढेच पाहावयाचे असते.

हा विषय आमच्यापासून दूरचाही नाही. बोस्टनच्या किंवा एडिंबरोच्या वाचकास जो परदेश, तो आमचाच मुलूख होय. मुंबई, नगर, नाशिक, साष्टी ही त्या कथनांतील गावे, व त्यांत ‘तेथील लोक’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते आमचेच पूर्वज. तेव्हा ह्या वह्या तपासण्याचा अधिकार आम्हांस इतर कोणाहून अधिक आहे, आणि न्यायाने तपासण्याची जबाबदारीही तितकीच मोठी आहे.

प्रथम फादर स्टीफन्स ह्यांचे उदाहरण घेऊ. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला. लंडनच्या एका व्यापाऱ्याचा हा मुलगा. आल्याबरोबर त्याने वडिलांस जे पत्र धाडिले त्यात मुख्यतः समुद्रप्रवासाची हकिकत आहे. ते पुढे इंग्लंडात छापून निघाले. १५८३ साली भावास लिहिलेल्या पत्रात मात्र निराळाच सूर लागतो. येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, हे त्याने त्यात नमूद केले. भाषाशास्त्राने हा शोध शास्त्रीय पायावर उभा करावयास त्यानंतर दोन शतके लागली. सुमारे ४० वर्षे ह्या भूमीत काढून १६१९ साली तो वारला. मृत्यूपूर्वी तीन वर्षे, १६१६ साली, त्याचे सुमारे ११००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे छापून झाले. शिकवावयास आलेल्या मनुष्याने प्रथम आमच्या भाषेचे शिष्यत्व पत्करिले, ही बाब त्याच्या जमेस धरलीच पाहिजे.

परंतु वहीचे दुसरे पान उलटून पाहावे. ज्या १५८३ साली हे पत्र लिहिले गेले, त्याच साली साष्टीतील कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट पाद्री गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्या गावकऱ्यांची देवळे त्यापूर्वी पाडली गेली होती. पुढे गावच्या प्रमुखांस बोलणीच्या निमित्ताने असोळणे येथे बोलावून पोर्तुगीज सत्तेने त्यांचा जीव घेतला. पाद्र्यांची नावे युरोपात हुतात्मे म्हणून गाजली. गावप्रमुखांची बाजू लिहून ठेवणारा कोणी नव्हता. ज्या धर्मसेवेच्या पाठीशी तोफखाना उभा असतो, तेथे ऐकणाऱ्यास ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक राहत नाही, आणि जेथे नकारास वाव नाही तेथील होकाराची किंमत किती धरावयाची? ज्या भाषेत स्टीफन्सने आपले पुराण रचिले, त्याच देशी बोलीचा त्याग करून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावयास लागावे, असा हुकूम १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने काढिला. एका सेवकाने प्रेमाने जे मिळविले ते त्याच्याच पक्षाच्या सत्तेने असे उधळले.

अमेरिकन मिशनची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या मागे राजसत्ता नव्हती, उलट ती आडवीच आली. १८१० साली अमेरिकेत स्थापन झालेल्या बोर्डाने पाठविलेल्या तरुणांस कलकत्त्याच्या सरकारने निघून जाण्याचा हुकूम दिला. गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. त्यांचा सहकारी सॅम्युअल न्यूएल ह्याची पत्नी हॅरिएट १८१२ साली मॉरिशस बेटावर वारली, तेव्हा तिचे वय अवघे १९ वर्षांचे होते. न्यूएल स्वतः १८२१ साली मुंबईत गेला. ह्या मंडळींच्या धैर्याविषयी शंका घेणे क्षुद्रपणाचे होईल.

तथापि त्यांच्या लिखाणाविषयी शंका घेणे अवश्य आहे. हॉल व न्यूएल ह्यांनी मिळून लिहिलेले एक पुस्तक १८१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. साठ कोटी मनुष्ये सत्यधर्मास वंचित असून त्यांचा ख्रिस्ती मंडळ्यांवर हक्क पोहोचतो, असा त्याचा मथळा व मथितार्थ होता. पुस्तक कोणासाठी होते हे मथळाच सांगतो. बोर्डाचा गाडा वर्गणीवर चालत असे. मिशनऱ्यांची पत्रे मासिकात छापली जात, ती देवळादेवळांतून वाचली जात, व त्यावर पैसा जमे. आता ज्याच्या पत्रावर पुढील वर्षाची वर्गणी अवलंबून आहे, त्याने आपल्या शेजाऱ्याचे वर्णन कसे करावे? शेजारी प्रामाणिक आहे, मुलांवर माया करितो, परक्यास पाणी देतो, असे लिहिले तर देणगीदार म्हणेल, मग आमच्या पैशाची तेथे गरज काय? म्हणून सती, बालहत्या, जत्रेतील अघोरी नवस ह्यांचीच वर्णने पुढे येतात. त्या गोष्टी खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. त्या खऱ्या होत्या, आणि त्यांची लाज आमच्याच सुधारकांनी आम्हांस शिकविली. परंतु शंभर गोष्टींतून काळ्या तेवढ्या वेचून मांडिल्या म्हणजे प्रत्येक गोष्ट खरी असूनही चित्र खोटे होते. गिऱ्हाइकास नमुना दाखवून माल विकणाऱ्या व्यापाऱ्यास हे मर्म चटकन कळेल.

ह्याच हॉलच्या अखेरीची हकिकत मात्र वाचण्याजोगी आहे. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिककडे गेला असता तेथे पटकीचा कहर चालू होता. जवळची औषधे त्याने रोग्यांस वाटून टाकिली. परतीच्या वाटेवर दोडी धापूर येथे एका देवळाच्या ओवरीत तो उतरला असता त्यालाच त्या रोगाने गाठले, आणि तेथेच २० मार्च रोजी त्याचा अंत झाला. आयुष्यभर ज्याने मूर्तिपूजेविरुद्ध उपदेश केला त्यास अखेरचा आसरा देवळाने दिला, आणि त्याच्या हातून घडलेले शेवटचे काम पाहिले तर ते वादविवादाचे नव्हे, औषध देण्याचे होते. साठ कोटींच्या हिशेबापेक्षा ही एक नोंद आम्हांस अधिक मोलाची वाटते.

जे मिशनरी दीर्घकाळ राहिले त्यांच्या अनुभवात आणखी एक फरक पडलेला दिसतो. रॉबर्ट ह्यूम ह्यांचा जन्म १८४७ साली मुंबईतच, मिशनरी कुटुंबात झाला. नगर ही त्यांची कर्मभूमी. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असता त्यांनी एक अडचण स्वकीयांपुढे मांडिली. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी गेलेच नाही, असे सर्व पूर्वज कायमचे बुडाले असे समजावयाचे काय, आणि तसे हिंदुस्थानातील मनुष्यास कोणत्या तोंडाने सांगावयाचे? एवढ्यावरून मोठे वादळ उठले, त्यांस परत पाठविण्याचे बोर्डाने लांबणीवर टाकिले, व १८८७ मध्ये कोठे त्यांची रवानगी झाली. आपल्या देणगीदारांस न रुचणारे सत्य घरी जाऊन सांगणारा मिशनरी तो हा. असेच दुसरे नाव जस्टिन ॲबट ह्यांचे. मराठ्यांत मिशनचे काम करून स्वदेशी परतल्यावर त्यांनी आमच्या संतांची चरित्रे व काव्ये इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२६ पासून त्या मालेचे भाग प्रसिद्ध होऊ लागले, व महीपतीच्या भाषांतरात पंडित नरहर गोडबोले हे त्यांचे सहकारी होते. एकनाथ, तुकाराम व महीपती घेऊन जो मनुष्य घरी परततो, त्याने परदेशात काही मिळविले असे म्हणता येईल.

आता अशी एक बाब, जी मिशनच्या जमाखर्चात कधीच नीट बसली नाही. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली, पुढे नगरास गेली, व १८६२ साली तेथेच वारली. मुलींच्या शाळा हे तिचे काम. सावित्रीबाई फुले ह्यांनी अध्यापनाचे धडे नगरास ह्याच बाईंकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ह्या दंपत्याने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडिली हे सर्वश्रुत आहे, परंतु त्या दोघांपैकी कोणीही ख्रिस्ती झाले नाही. बाप्तिस्म्याच्या कोष्टकात त्यांच्या नावापुढे शून्यच पडावयाचे. तरीही महाराष्ट्रातील मिशनरी शिक्षणाला ह्याहून मोठे फळ आले आहे काय? कामाचे खरे माप कोष्टकाबाहेर राहिले ते असे.

उलटपक्षी, कोष्टकात जो आकडा एकाने वाढतो त्यामागे काय असते, हेही पाहावे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पाद्र्यांच्या घरी राहत होता, त्याचा ताबा न्यायालयाने बापाकडे दिला. मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, तर आमच्याच धर्ममार्तंडांनी त्यांस विरोध केला. घरातून मुलगा बाहेर काढणारा एक, आणि परत आलेल्या मुलास दार लावणारे दुसरे. ह्या प्रकरणात केवळ परक्यास दोष देऊन आमची सुटका होत नाही. अशा दुभंगलेल्या घराचा अनुभव आतून वाचावयाचा असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्यावी. पती १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्या १९०० मध्ये झाल्या. मधल्या पाच वर्षांत एका स्त्रीने काय सोसले हे कोणत्याही वार्षिक अहवालात सापडावयाचे नाही. आणि तेच नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनचे वेतन सोडून बाहेर पडले, ही नोंदही त्याच खात्यावर आहे.

हे सारे जुने झाले, त्याचा आज उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की, आज आमचेच तरुण मेळघाटात, गडचिरोलीत, ईशान्येच्या डोंगरांत सेवेस जातात, आमच्याच संस्था त्यांचे अनुभव छापून काढितात, आणि बाजारपेठेतून त्यांस देणग्या आम्हीच देतो. त्या अहवालाच्या मुखपृष्ठावर उपाशी मुलाचे चित्र असल्यावाचून आमचाही हात खिशाकडे जात नाही. म्हणजे मिशनऱ्यांस ज्या दोषासाठी आम्ही नावे ठेवितो, तो दोष पैसा देणाऱ्याच्या जागी बसताच आमच्या ठायी उत्पन्न होतो. लिहिणारा काळे रंगवितो, कारण वाचणारा काळ्यालाच पैसे देतो. ह्या व्यवहारातील अर्धा अपराध वाचकाचा आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सेवेचा अनुभव कोणाचाही असो, पाद्र्याचा, स्वामींचा वा समाजसेवकाचा, देणगी देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. हे कोणासाठी लिहिले? ज्यांची सेवा झाली त्यांस नकार देण्याची मोकळीक होती काय? आणि सेवा करणारा स्वतः तेथून काय शिकून आला? जी संस्था ह्यांचे उत्तर देईल, आपल्या चुका छापील, व ज्यांच्यासाठी ती झटते त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत ऐकवील, तिला मोकळ्या हाताने द्यावे. जिच्या वहीत केवळ आपण दिलेल्याच नोंदी आहेत आणि घेतलेल्याची एकही नाही, ती वही कोणताही मुनीम मंजूर करणार नाही; आम्हीही करू नये.