तीन मिनिटांची गोष्ट

गोष्ट सांगणे हा आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचा रोजचाच उद्योग. पण मोबाइलवर गोष्ट तयार करवून घेण्याचा प्रसंग माझ्यावर गेल्या वर्षी प्रथमच आला. द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी ऐटीत सांगून बसलो, की या सत्रात निबंध नाही. प्रत्येकाने आपल्या घरातली एक खरी गोष्ट छायाचित्रे आणि स्वतःचा आवाज जोडून तीन मिनिटांत सांगायची. घरी हे सांगताच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, साधा फोटो पाठवायचा तर तुम्ही लेकीला हाक मारता!"

मग निमूटपणे अभ्यासाला लागलो. अशा 'डिजिटल गोष्टी' करायला शिकवणारे एक केंद्र १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आदी मंडळींनी काढले. चांगल्या गोष्टीची त्यांनी सांगितलेली सात अंगे वाचली आणि मला हायसे वाटले. सांगणाऱ्याची दृष्टी, उत्कंठा लावणारा प्रश्न, भावना, स्वतःचा आवाज, संगीत, काटकसर आणि लय! यात यंत्राचे नाव तरी आहे का? आमच्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र समोर धरून, गाऊन कथा सांगत आले, ते याहून वेगळे काय?

तेव्हा पहिले दोन आठवडे मी मोबाइलला हातच लावू दिला नाही. आधी एका ओळीत प्रश्न लिहा: ही गोष्ट कोणाची आणि ती मलाच का सांगावीशी वाटते? मग तीनशे शब्दांची संहिता. मग कागदाला घड्या घालून चौकटी पाडा. वरच्या भागात चित्र, खाली त्या वेळी ऐकू येणारे वाक्य. चित्रात जे दिसते ते वाक्यात पुन्हा सांगायचे नाही. ज्याचा चेहरा दाखवायचा, त्याला आधी विचारायचे. सिनेमातले गाणे उचलायचे नाही. ते दुसऱ्याच्या मालकीचे असते.

वर्गात बीड जिल्ह्यातली एक मुलगी होती. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता. तिने आजीची गोष्ट लिहिली. १९७२च्या दुष्काळात सतरा वर्षांची आजी खडी फोडायला जात होती. सुकडी मिळाली की त्यातली निम्मी पदरात बांधून धाकट्या भावाला आणत होती. संहिता तिच्या बोलीत होती. मी सवयीने लाल पेन काढले. 'मनली'चे 'म्हणाली' केले, 'लई'चे 'खूप' केले आणि शुद्ध प्रत परत दिली.

आठवड्याने तिने ध्वनिमुद्रण ऐकवले. एकही चूक नव्हती आणि एकही जिवंत वाक्य नव्हते. एखाद्या कार्यालयाचे परिपत्रक वाचावे तशी आजी बोलत होती. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, संगणकाचा आवाज लावू का? माझा चांगला नाही."

तेव्हा माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. तिचा आवाज वाईट नव्हता. तो मीच खोडला होता. मी म्हटले, "तुझी पहिली वही आण. माझे पेन विसर."

दुसरी अडचण चित्रांची. त्या काळातला आजीचा एकही फोटो घरात नव्हता. एका मुलाने जालावरचा कुठलातरी दुष्काळाचा फोटो सुचवला. ती नको म्हणाली. सुट्टीत गावी जाऊन तिने आजीला विचारून फक्त तिचे हात टिपले, शिवाय चूल, उंबरा आणि रिकामी पितळी ताटली. सगळी मिळून आठ चित्रे. वसतिगृहाच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन तिने मुद्रण केले. गोधडी आजीनेच शिवलेली होती.

शेवटच्या तासाला पडद्यावर ते हात आले आणि आवाज उमटला, "आज्जी मनली, पोटापुढं हाताचं दुखणं कोण इचारतंय?" पुढच्या बाकावरची नेहमीची कुजबुज थांबली. नंतर दोघे-तिघे माझ्याकडे आले. त्यांनाही आपल्या संहिता बदलायच्या होत्या. लाल पेनाचे बळी एकटीच्या पुरते नव्हते तर!

तिने ती गोष्ट गावी पाठवली. आजीने दोनदा ऐकली आणि विचारले, "भावाचं पुढं काय झालं, ते सांगितलंच न्हाई की!"

वाचकहो, दिवाळीत घर भरलेले असते. फराळाचे ताट बाजूला सरले, की घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, पंखा बंद करा आणि एकच प्रश्न विचारा. मात्र त्यांची भाषा सुधारायला जाऊ नका. ती चूक तुमच्या वतीने मी करून चुकलो आहे.