'काम जमत नाही' हा शेरा

नव्याने लागलेल्या कामगाराला दोन-तीन आठवड्यांतच 'काम जमत नाही' एवढ्या शेऱ्यावर घरी बसवायचे, ही रीत लहान कारखान्यांत, गोदामांत आणि कंत्राटदारांच्या हजेरीपटांवर इतकी रुळली आहे की आपल्या कार्यकर्त्यांनाही तिचे काही वाटेनासे झाले आहे. शेरा खोटाच असतो असे मी म्हणत नाही. नवा माणूस कमी पडतोच. प्रश्न असा की, त्याच्या शिकण्याचा खर्च कोणी सोसायचा?

याचे एक उत्तर मानखुर्दला खेटूनच उभे आहे. डॉ. होमी भाभांच्या पुढाकाराने १९५७ साली अणुऊर्जा खात्याची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. आज ती अणुशक्तिनगरात आहे. पदवी घेऊन आलेल्या अभियंत्याला तेथे वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवतात, परीक्षा घेतात आणि मगच जागेवर नेमतात. शिकलेल्या माणसालाही नवे काम आत्मसात करायला वर्ष लागते, हे सरकारने तेथे मान्य केले आहे. त्याच परिसरातला, २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाशी असलेल्या एम-पूर्व विभागातला मुलगा यंत्रापुढे उभा राहिला, की त्याच्याकडून मात्र पहिल्या दिवसापासून पुऱ्या उत्पादनाची अपेक्षा! (नवख्या प्राध्यापकाचा वर्ग पहिल्या वर्षी कसा चालतो हे मी तीसहून अधिक वर्षे पाहिले, त्यापायी कोणाला पंधराव्या दिवशी काढल्याचे मला आठवत नाही.)

टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्याने १९३६ साली विमानबांधणीचे आकडे मांडून दाखवले की, एकूण उत्पादन दुप्पट झाले म्हणजे दर विमानामागचे श्रम सुमारे एकपंचमांशाने घटतात. सुरुवातीचा संथपणा ही अशी शिकण्याची किंमत असते. मालक ती भरतो केव्हा? माणूस टिकणार असेल तेव्हा. १९८४ च्या दुरुस्तीने, करार संपल्यामुळे सुटलेली नोकरी ही कामगारकपात नव्हे, असे ठरले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मुदतीची नेमणूक उघडपणे मान्य केली. अकरा महिन्यांनी जाणाऱ्याला शिकवण्यात कोण पैसा घालील?

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली, तात्पुरत्या नेमणुकीवरील एका महिला डॉक्टरच्या प्रकरणात, कामातील उणीव वेळेवर न सांगता अपात्र ठरवून काढणे मनमानीचे आहे, असा निर्वाळा दिला. ते प्रकरण सरकारी नोकरीतले होते. कंत्राटदाराच्या माणसाला त्याचा थेट आधार मिळत नाही. पण तत्त्व आपल्याला पुढे करता येते.

आता थोडे अप्रिय. नव्याच्या चुकांचे ओझे मालकाआधी शेजारच्या कामगारावर पडते. काम पुन्हा करावे लागते, प्रसंगी हातही सापडतो. आणि जुना कामगार नव्याला हातचे राखून शिकवतो, कारण हा स्वस्त पोरगा उद्या आपलीच जागा घेईल अशी त्याला भीती असते. ती निराधार नाही. तरी संघटनेने त्याच्याशी हे बोललेच पाहिजे.

म्हणून असा मुलगा आपल्याकडे आला की घोषणांआधी चौकशी करावी. त्याला कोणी शिकवले? उणीव कोणत्या शब्दांत, केव्हा सांगितली? दुसरे काम देऊन पाहिले का? हे सारे होऊनही जमले नसेल, तर त्याच कामावर ठेवा असा हट्ट आपण धरू नये; दुसरे काम मागावे, आणि झालेल्या दिवसांचा पुरा पगार आधी वसूल करावा. बहुतेक वेळा तो अडवून ठेवलेला असतो.