बाळंतिणीची मात्रा

मराठी भाषेत बाळंतिणीच्या कौतुकाला शब्दांची उणीव नाही. बाळंतविडा आहे, शेकशेगडी आहे, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर आहे, सव्वा महिन्याचा विसावा आहे. व्यसनी माणसासाठीही आपल्याकडे शब्द विपुल आहेत. दारुडा, गंजेडी, अफूबाज! मात्र ते सारे पुल्लिंगी. 'एकच प्याला' शिकविताना मला हे दरवर्षी जाणवते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात तान्ह्या मुलाची आई सिंधू आहे, आणि प्याला आहे तो सुधाकराच्या हाती. बाईने व्यसनाची झळ सोसायची, एवढेच आपल्या कल्पनेत बसते. तीच व्यसनात सापडली, आणि तीही ओली बाळंतीण असताना, तर तिला काय म्हणावे? भाषा गप्प बसते, आणि भाषेमागोमाग घरही.

वस्तुतः अफू आणि बाळंतपण यांची गाठ महाराष्ट्रात जुनीच आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका कामावर जाताना तान्ह्याला अफूची 'बाळागोळी' देत, म्हणजे पोर दिवसभर निपचित पडून राही. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शंभरांतल्या ९८ मुलांना अफू दिली जाते असे त्यांनी नमूद केले. या आया का दुष्ट होत्या? मुळीच नाही. घरी मूल सांभाळायला कुणी नव्हते आणि खाडा केला तर मजुरी बुडत होती. मातांना पगारी विसावा मिळावा म्हणून १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकर बोलले आणि १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. आईला दोष देत बसण्याऐवजी तिचा दिवस कसा जातो हे पाहिले, तेव्हा कुठे उपाय सुचला. आजही हीच दृष्टी हवी आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बाळंतपणासाठी सटाण्याला माहेरी आली होती. (ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत.) लग्नानंतर पाठदुखीसाठी तिने ट्रॅमाडॉलच्या गोळ्या सुरू केल्या. ट्रॅमाडॉल हे अफूच्याच गोतावळ्यातले, प्रयोगशाळेत तयार झालेले औषध. आपल्या सरकारने ते २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. दुखणे थांबले, गोळी मात्र थांबेना. दिवस राहिल्यावर तिने धीर करून शहरातल्या डॉक्टरांना सारे सांगितले आणि त्यांनी तिला जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनवर आणले. हे औषध मेंदूची ओढ शमविते, माणसाला धुंद होऊ देत नाही. बाळ सुखरूप झाले. बाराव्या दिवशी बारसे झाले. आणि तेराव्या दिवशी आजीला उशीखाली गोळ्यांची पट्टी सापडली!

"लेकरू अंगावर पितंय, आणि ही गोळ्या खाते?" पट्टी चुलीत गेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरीला घाम, जांभया, उलट्या, हातापायांत कळा. डोळ्याला डोळा लागेना. घरच्यांनी बाळंतवात म्हणून शेक वाढविला. मी भेटायला गेले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, मला पुन्हा ती जुनी गोळी आठवायला लागलीय. तुम्ही आईला सांगा ना."

मी मराठीची प्राध्यापिका. माझी मात्रा ऱ्हस्व-दीर्घाची. मी एवढेच केले, की तिच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तो तिच्या आईच्या हाती दिला. त्यांनी समजाविले ते प्रत्येक घराला ठाऊक असावे असे आहे.

पहिली गोष्ट, ब्युप्रेनॉर्फिनचा फार थोडा अंश दुधात उतरतो. आईची प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टर तिला अंगावर पाजायलाच सांगतात. उलट कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांविषयी २०१७ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी पाजणाऱ्या मातांना सावध केले आहे. कारण कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते, कुणाच्या सावकाश, तर कुणाच्या झपाट्याने. एकच गोळी जावेला सोसते म्हणून थोरलीला सोसेल, असा नियम नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. गरोदरपणी अंगातले रक्त वाढते, औषध लवकर निचरते, म्हणून पुष्कळदा मात्रा वाढवावी लागते. बाळंतपणानंतर शरीर हळूहळू पूर्ववत होते. त्या आठवड्यांत हिला गुंगी येते काय, हिची ओढ वाढते काय, हे पाहून तिची मात्रा ठरवायची. शेजारणीचे माप इथे चालत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा मातांचा अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. अतिमात्रेचे प्रसंग गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वांत कमी, आणि बाळंतपणानंतर सातव्या ते बाराव्या महिन्यांत सर्वांत अधिक आढळले. म्हणजे आपल्याकडे बाळाचे उष्टावण आटोपते, पाहुणे पांगतात, बाई सासरी परतते, 'आता काय, सगळे पार पडले' असे सारे म्हणतात, नेमका तोच काळ! औषध मध्येच तोडले तर शरीराची सवय मोडलेली असते. मग जुनी मात्रा घेतली तर तीच जीवघेणी ठरू शकते.

आणि बाळाचे काय? अशा काही बाळांना जन्मानंतर थरथर, चिडचिड होते. अमेरिकेतील २६ रुग्णालयांत 'खातो ना, झोपतो ना, उगी राहतो ना' एवढे पाहून, आईच्या कुशीला अग्रभागी ठेवून उपचार करून पाहिले. घरी जाण्याजोगी होण्यास पूर्वीच्या पद्धतीने बाळांना सरासरी १४.९ दिवस लागत, ते ८.२ वर आले. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. बाळाचे पहिले औषध त्याची आई आहे. तिलाच लाजवून दूर केले तर औषध आणायचे कुठून?

आमच्या सटाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर. दीड महिन्याचे तान्हे घेऊन एस.टी.ने रोज जाणारी बाई मला दाखवा! तेव्हा तिचे अंतर, तिचे दूध, तिची झोप, किल्ली कुणाकडे आणि विश्वास कुणावर, हेही मात्रेतच धरावे लागते. पुण्याला १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे पुढे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग निघाला, तो याच समजुतीतून. आणि ज्यांना कुठे विचारावे हेच कळत नाही, त्यांच्यासाठी १४४४६ हा सरकारी मदतीचा दूरध्वनी आहे.

हे सारे परक्या देशाचे शहाणपण आहे, असे कुणी म्हणेल. पण आपल्या आज्या लाडू करताना हिला पित्त आहे म्हणून सुंठ कमी, हिला दूध कमी म्हणून अळीव जास्त, असेच करीत नव्हत्या काय? आणि सटाणा तर त्या यशवंतराव मामलेदारांचे गाव, ज्यांनी दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, म्हणून लोकांनी त्यांना देवमामलेदार म्हटले. समोरच्याची पात्रता मोजत बसण्याआधी त्यांनी त्याची गरज पाहिली.

त्या घरी पुढे काय झाले? आईने गोळ्यांची जबाबदारी आपल्याकडे घेतली. रोज सकाळी लाडवाच्या बशीबरोबर ती लेकीला गोळी देई आणि ती जिभेखाली विरेपर्यंत बाळ मांडीवर घेऊन बसे. आजी महिनाभर बोलली नाही, मग एके दिवशी तिनेच विचारले, "आज गोळी घेतली का गं?"

संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे; कौटिल्याने राज्यावर येणाऱ्या संकटांनाही व्यसनेच म्हटले. हा अर्थ आपण विसरलो. वाचकहो, यंदाच्या दिवाळीत एखाद्या घरी पाळणा हलताना दिसला, तर बाळाच्या मुठीत पैसे ठेवून परत फिरू नका. जरा आत जा आणि बाळंतिणीला विचारा, "तू कशी आहेस?" उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी मात्र ठेवा.