सदतीस एकर आणि दोन सरकारं

निवडणूक आली की आमच्या वाशीम जिल्ह्यात पानटपरीपासून कोर्टाच्या फाटकापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : "यंदा कोणाचं वारं हाये?" वारं! जणू सत्ता आभाळातून पडते आणि आपण खाली टोपलं धरून उभं राहायचं. मला या प्रश्नाचा वीट आलाय. वारं कोणाचंही असो, जमीन कोणाची हाये ते सांगा.

दोस्तांनो, तुम्ही मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत, होस्टेलांत राहता. झोपडीवर नोटीस चिकटली की पोटात गोळा कसा येतो ते तुम्हाला सांगायला नको. खेड्यात तो गोळा गायरानावर येतो. आमच्या वऱ्हाडात त्याला ई-क्लास म्हणतात. सरकारच्या नावावरची, गावच्या गुरांसाठी राखलेली पडीक जमीन. भूमिहीन माणसानं दगड वेचून तिथं चार तास ज्वारी पेरली की सरकारी भाषेत तो 'अतिक्रमणधारक' होतो. त्याची बायको, पोरं, बकऱ्या, सगळं अतिक्रमण!

आता ही गोष्ट ऐका. १७ जून २०२२. राज्यात महाविकास आघाडीचं सरकार. महसूल राज्यमंत्री अब्दुल सत्तार, पक्ष शिवसेना, त्याआधीचा पक्ष काँग्रेस. या दिवशी त्यांच्या आदेशानं वाशीम जिल्ह्यातल्या घोडबाभूळची ३७ एकर गायरान जमीन एका खासगी माणसाला मिळाली. गायरान असं वाटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच बजावलेलं होतं. आदेशानंतर चार दिवसांत शिवसेना फुटली. महिना संपायच्या आत एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, आणि ऑगस्टात हेच सत्तार नव्या सरकारात कृषिमंत्री. सरकार पडलं, माणूस उभाच.

डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आदेशाला स्थगिती दिली. नागपुरात अधिवेशन चालू होतं. विरोधी पक्षनेते अजित पवारांनी सभागृहात प्रकरण काढलं, राजीनामा मागितला, गोंधळ झाला. आदेश निघाला तेव्हा उपमुख्यमंत्री कोण होतं? अजित पवारच! ज्या सरकारच्या शिक्क्यानं जमीन गेली, त्याच सरकारातली माणसं सहा महिन्यांनी गायरानाच्या नावानं गळा काढत होती. आणि २ जुलै २०२३ रोजी अजित पवार शिंदे सरकारात गेले. आरोप करणारा आणि आरोप झालेला, दोघं एकाच मंत्रिमंडळात. च्यायला, याला सत्तांतर म्हणायचं? घरातल्या घरात खाटा बदलल्या, एवढंच.

याच वर्षीचं दुसरं चित्र बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राज्यभरच्या गायरानांचा प्रश्न आला. दोन लाखांहून जास्त बांधकामं पाडायची भाषा सुरू झाली आणि गावोगाव नोटिसा गेल्या. नोटिसा कुणाच्या दारात? बौद्ध, पारधी, मातंग, आदिवासी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीची अतिक्रमणं नियमित करायची, असा शासन निर्णय १९९१ सालापासून पडून आहे. तारीख मोठी झोकात निवडली. बाबासाहेबांची जयंती. जयंती दिली, सातबारा द्यायला विसरले.

वाशीम विधानसभा राखीव आहे, मग आपला आमदार बोलेल की, असं शहरातले मित्र म्हणतात. राखीव जागेवरचा उमेदवार आपला, पण त्याला निवडून देणारी मतं सगळ्या गावाची. गायरानावर तोंड उघडलं की गाव नाराज. १९३२च्या पुणे कराराचं हे दुखणं आजही भळभळतंय. २००९, २०१४, २०१९, तीनदा इथून भाजपचे लखन मलिक आमदार. २०२४ला त्यांचं तिकीट कापलं, श्याम खोडे आले, पक्ष तोच. आणि दुसरा नंबर? २०१९ला वंचितचे सिद्धार्थ देवळे. २०२४लाही तेच देवळे, फक्त हातात मशाल. मी त्यांना दोष देत नाही. पण आपला माणूस दुसऱ्याची निशाणी घेऊनही जिथं पोचत नाही, तिथं आपल्या पक्षांनी आधी स्वतःचं हाड तपासावं.

कारण एके काळी जमीन हाच आपला मुद्दा होता. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले. तेव्हा काँग्रेस रिपब्लिकनांना वचकून होती. मग १९६७ला तिच्याशीच हातमिळवणी झाली. पुढं गट किती पडले ते मोजायला हातापायाची बोटं पुरत नाहीत. १९७३च्या पँथरच्या जाहीरनाम्यातही भूमिहीनांची जमीन होती. आज आपल्या बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो असतो, जमीन नसते.

२०२४च्या लोकसभेला संविधान धोक्यात म्हणून आपण धावलो. आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. आमच्या यवतमाळ-वाशीममधून ठाकरे गटाचे संजय देशमुख खासदार झाले. ते मत चूक नव्हतं, मी स्वतः तसंच दिलं. पण त्या मताच्या बदल्यात आपण काय लिहून घेतलं? काहीच नाही. नोव्हेंबरात महायुती पुन्हा आली, आघाडी ४६ आमदारांवर घसरली, आणि दोन्ही मांडवांत तेच गाणं : महिन्याचे पंधराशे की तीन हजार, सोयाबीनला भाव किती. सोयाबीनचा भाव खरा प्रश्न आहे. पण ज्याला पेरायला वावरच नाही त्यानं भाव कशाचा विचारायचा? तो दुसऱ्याच्या वावरात सोंगणीला जातो. त्याचा प्रश्न मजुरीचा आणि ई-क्लासचा.

म्हणून यंदा जयंतीला गावी जाल तेव्हा मिरवणूक उरकली की दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं जा. गाव नमुना १-ई मागा. ती अतिक्रमणाची नोंदवही. 'साहेब नाहीत' म्हणेल, 'उद्या या' म्हणेल. बसून राहा, नक्कल घेतल्याशिवाय उठू नका. आपल्या आज्याचं नाव त्यात कोणत्या साली चढलं आणि कोणत्या साली गायब झालं, ते बघा. आणि त्या साली मुंबईत सरकार कोणाचं होतं, तेही समासात लिहून आणा. पुढच्या अंकात आपण ती यादी छापू.