जुना मराठी प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायला शिकवा

प्रति,
मा. संचालक,
नायलिट, छत्रपती संभाजीनगर



१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद झाली. गुलमंडी, औरंगपुरा, अदालत रोड भागातल्या छपाईच्या आणि टायपिंगच्या दुकानांचे संगणक मी सांभाळतो. तिथे तेव्हापासून एकच प्रश्न कानावर येतो: मशीन बदलायचं का? विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. मशीन मात्र धडधाकट असतं, त्यावर लिनक्स छान चालतं. घोडं पेंड खातं ते मराठी प्रोग्रॅमपाशी. तो विंडोजचा, आणि दुकानाचं सगळं जुनं काम त्याच्याच फायलींत.

तुमच्या सीसीसी अभ्यासक्रमात लिनक्स आणि लिब्रेऑफिस आहे, हे चांगलंच आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे जिल्हा न्यायालयांतही उबुंटू वापरात आलं. पण विद्यापीठ परिसरातल्या तुमच्या केंद्रातून शिकून आलेला मुलगा दुकानात बसतो, जुन्या सीडीवरच्या सेटअपवर डबल क्लिक करतो, पडद्यावर काहीच येत नाही आणि तो मालकाला सांगतो, ‘लिनक्सवर हे चालत नाही.’ हे उत्तर पुष्कळदा चुकीचं असतं.

वाइन नावाचा मुक्त प्रोग्रॅम १९९३पासून याच कामासाठी घडतो आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती यायला २००८ उजाडलं. विंडोजचा प्रोग्रॅम जे मागतो, ते वाइन लिनक्सकडून मिळवून देतं. अडलं की डबल क्लिक सोडायचं आणि तोच प्रोग्रॅम टर्मिनलमधून सुरू करायचा. ओळींचा पाऊस पडतो. त्यातल्या ‘फिक्समी’ने सुरू होणाऱ्या बहुतेक ओळी सोडून द्यायच्या, ‘ईआरआर’च्या वाचायच्या. एका दुकानात अशाच ओळीत लिहिलं होतं की एमएफसी४२ ही डीएलएल सापडत नाही. विनट्रिक्स या वाइनच्या मदतनीस साधनाने ती बसवली आणि प्रोग्रॅम उघडला. मजकूर मात्र इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसत होता, कारण त्यातले मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. वाइनच्या ‘ड्राइव्ह सी’मधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये या फॉन्टच्या फायली टाकल्या आणि जुनी लग्नपत्रिका जशीच्या तशी समोर आली.

या कामात जादू काही नाही, क्रम आहे. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर वाइनचा ३२ बिट भाग बसवलाय का, हे आधी पाहायचं. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा प्रीफिक्स (वाइनचं स्वतंत्र फोल्डर) द्यायचा, म्हणजे एकाची दुरुस्ती दुसऱ्याला बाधत नाही. ६४ बिट विंडोज १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालवत नाही. वाइनवर त्यातले काही चालतात. हे कळलं की विद्यार्थ्याचे डोळे चमकतात, आणि मला वाटतं संगणकशिक्षण तिथूनच खरं सुरू होतं.

काय चालणार नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे शिकवायला हवं. यूएसबीच्या कुलपावर (डाँगलवर) चालणारे प्रोग्रॅम बहुधा अडतात, कारण त्या कुलपाचा विंडोज ड्रायव्हर वाइन सहसा चालवू शकत नाही. तिथे व्हर्च्युअल मशीन लागतं, आणि त्यात परवान्याची विंडोज. पार्श्वभूमीला चालत राहून कळफलकाच्या कळा टिपणारे मराठी टायपिंगचे प्रोग्रॅम वाइनमधल्या खिडकीत लिहितात, लिब्रेऑफिसमध्ये नाही. त्यासाठी लिनक्समधलाच इनस्क्रिप्ट कळफलक शिकवावा. जीएसटीचं ऑफलाइन टूलही विंडोजसाठीच बनलेलं आहे. दुकानदाराला हे आधी सांगितलं तर तो आपल्यावर विश्वास ठेवतो.

या शहरातल्या स्मरणिका, दिवाळी अंक, कवितासंग्रह यांची पानं अशा जुन्या फायलींत अडकली आहेत. प्रोग्रॅम एकदा उघडला तर मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये नेता येतो. मशीन भंगारात गेलं की ती वाट बंद होते. मला काळजी आहे ती याची. नव्या संगणकाच्या खर्चाची त्यामानाने कमी.

म्हणून दोन विनंत्या. सीसीसीच्या लिनक्सच्या तासांना जोडून वाइनचं प्रात्यक्षिक ठेवा, त्यात अडलेला प्रोग्रॅम द्या आणि तो मुलांनाच दुरुस्त करू द्या. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ प्रयोगशाळा शहरातल्या दुकानदारांना खुली करा. तिथेच कोणता प्रोग्रॅम, वाइनची कोणती आवृत्ती, काय बसवलं, काय चाललं नाही, याची मराठीत नोंदवही ठेवा, म्हणजे जालना-बीडच्या दुकानदारालाही ती उपयोगी पडेल. शिकवायला माणूस कमी पडला तर मी विनामोबदला येईन. कृपया यंदाच्या सत्रातच सुरुवात करा.

आपला,
छापखान्यांचे संगणक सांभाळणारा एक नागरिक